ज्या कायद्यात जेम्स मॅकार्डेल बसत नव्हता

१७५४ साली लंडनमध्ये लेडी शार्लट फिट्झविल्यम या आठेक वर्षांच्या मुलीचं छापील व्यक्तिचित्र प्रसिद्ध झालं. मूळ तैलचित्र जोशुआ रेनॉल्ड्सचं. इटलीतला अभ्यास संपवून तो नुकताच लंडनमध्ये स्थिरावत होता, नाव व्हायचं होतं. ते चित्र तांब्याच्या पत्र्यावर उतरवलं जेम्स मॅकार्डेलने. हा डब्लिनहून आलेला पंचविशीचा तरुण होता. छापचित्राचा प्रकाशक म्हणूनही रेनॉल्ड्सचंच नाव होतं. स्वतःच्या चित्राचा ठसा बाजारात आणण्याची जबाबदारी त्याने त्या वेळी स्वतः उचलली. पुढे हे काम त्याने छापचित्रकारांवर आणि दुकानदारांवर सोपवलं.

त्यानंतरची अकरा वर्षं हा या प्रकरणाचा विषय आहे. मॅकार्डेलने रेनॉल्ड्सच्या जवळजवळ चाळीस चित्रांच्या प्लेट, म्हणजे छापायचे तांब्याचे पत्रे, केल्या. रेनॉल्ड्स इंग्लंडचा पहिल्या क्रमांकाचा व्यक्तिचित्रकार झाला. २ जून १७६५ रोजी मॅकार्डेल वारला, तेव्हा त्याला सदतिसावं वर्ष चालू होतं. ‘या माणसामुळे मी अमर होणार,’ असं रेनॉल्ड्स त्याच्याविषयी म्हणाल्याचं सांगतात. तरीही मॅकार्डेलने केलेल्या या कामावर त्याचा कायदेशीर हक्क त्याच्या हयातीत एक दिवसही नव्हता. ‘स्वतःची कल्पना’ कशाला म्हणायचं याची तेव्हाच्या कायद्याची व्याख्या त्याला बाहेर ठेवणारी होती. ती व्याख्या चुकीची होती असं माझं ठाम मत आहे. का, ते त्याच्या हाताकडे पाहिल्यावर कळतं.

डब्लिनची शाळा

मॅकार्डेलचा जन्म १७२८-२९च्या सुमारास डब्लिनच्या काऊ लेनमध्ये झाला. लिफी नदीच्या उत्तरेकडच्या या गल्लीचं नाव पुढे ग्रीक स्ट्रीट झालं. तो जॉन ब्रुक्स नावाच्या छापचित्रकाराकडे उमेदवारीला राहिला. ब्रुक्स १७४०च्या सुमारास लंडनला जाऊन मेझोटिंटचं, म्हणजे रेघांऐवजी छटांनी चित्र छापण्याचं, तंत्र शिकून आला होता. येताना त्याने अँड्र्यू मिलर हा तयार कारागीर डब्लिनला आणला आणि कॉर्क हिल भागात दुकान थाटलं. या एका दुकानातून निघालेली माणसं पाहिली की थक्क व्हायला होतं. मॅकार्डेल, रिचर्ड ह्यूस्टन, चार्ल्स स्पूनर, रिचर्ड पर्सेल. लंडनच्या छापचित्रांच्या व्यवसायात पुढची दोन-तीन दशकं आयरिश हातांचा जो दबदबा राहिला, त्याची सुरुवात इथे झाली.

ब्रुक्स स्वतः मोठा कलावंत नव्हता. तो खटपट्या माणूस होता, नव्या धंद्याच्या मागे धावणारा. १७४६च्या सुमारास त्याने डब्लिन सोडलं. नंतर छापलेलं चित्र कागदावरून मिन्याच्या वस्तूंवर उमटवण्याच्या युक्तीचं पेटंट मागितलं, लंडनजवळ बॅटरसीत त्या धंद्यात भागीदारी केली, आणि १७५६ साली दिवाळखोर झाला. पण शिष्य घडवण्यात त्याने जे दिलं ते टिकलं. गुरू गेला तसे मॅकार्डेल आणि ह्यूस्टनही लंडनला गेले. डब्लिनमध्ये संसद होती, उमरावांचे वाडे होते, पण छापील चेहऱ्यांना गिऱ्हाईक मोजकंच. लंडनमध्ये मात्र नट, सरदार, आरमारी अधिकारी, सुंदर म्हणून गाजलेल्या बायका, कुणाचाही चेहरा कागदावर विकला जात होता.

मॅकार्डेलने कॉव्हेंट गार्डनजवळच्या हेन्रिएटा स्ट्रीटवर दुकान घेतलं. घरांना क्रमांक घालायची पद्धत रुळायच्या आधीचे हे दिवस. दुकानं पाटीवरच्या चिन्हाने ओळखली जात. याची खूण ‘सोनेरी गोळा’ होती. संध्याकाळी तो सेंट मार्टिन्स लेनमधल्या ओल्ड स्लॉटर्स कॉफी हाउसमध्ये दिसे. तिथे चित्रकार आणि छापचित्रकार जमत. ल्यूक सलिव्हन हा दुसरा आयरिश छापचित्रकारही तिथलाच. कामं याच बैठकांतून मिळत आणि उधारीही याच बैठकांतून.

काळोखातून चेहरा

पेन्सिलीने चित्र काढताना आपण पांढऱ्या कागदावर काळं टाकत जातो. मेझोटिंटमध्ये उलटं. आधी सगळी प्लेट काळी करायची आणि मग तिच्यातून उजेड काढत यायचं.

तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. ‘रॉकर’ नावाचं हत्यार घ्यायचं. त्याचं पातं अडकित्त्याच्या पात्यासारखं वळणदार, पण कडेला बारीक दाते. ते पत्र्यावर दाबून डावीकडे-उजवीकडे डोलवत पुढे न्यायचं. एका दिशेने झालं की दुसऱ्या, मग तिरक्या, मग आणखी तिरक्या दिशेने. प्रत्येक दाता तांब्यात खड्डा पाडतो आणि कडेला धातूची बारीक कोर उचलतो. पत्र्याचा एकही ठिपका सुटता कामा नये. हे काम अनेक दिवस चालतं. मोठ्या कारखान्यात ते बहुधा मदतनिसांच्या अंगावर असे. या अवस्थेत शाई भरून ठसा काढला तर कागदावर सलग, खोल काळा रंग उमटतो.

खरी कला यानंतर सुरू होते. धारदार खरवडणीने त्या उचललेल्या कोरा थोड्या थोड्या कापायच्या, ओपणीने घासून पृष्ठभाग गुळगुळीत करायचा. जिथे जास्त खरवडाल तिथे शाई कमी धरेल आणि उजेड पडेल. कपाळावरचा प्रकाश, गालाची गोलाई, रेशमाची चमक, सगळं असं काळोखातून वर आणायचं. एकही रेघ नाही. म्हणून तैलचित्राच्या मऊ छटांशी या पद्धतीचं जितकं जमतं तितकं रेघेच्या कोरीवकामाचं जमत नाही. १६४२ साली लुडविग फॉन सीगन या जर्मन माणसाने हे तंत्र शोधलं. पण इंग्लंडमध्ये ते इतकं फोफावलं की फ्रेंच लोक त्याला ‘इंग्रजी पद्धत’ म्हणू लागले. आणि १७५०च्या दशकात या इंग्रजी पद्धतीचे उत्तम हात आयरिश होते!

मॅकार्डेलच्या प्लेट इतरांच्या शेजारी ठेवून पाहाव्यात. त्याचं वेगळेपण कापडात आणि सावलीत लगेच दिसतं. दुय्यम दर्जाच्या मेझोटिंटमध्ये सावली म्हणजे नुसता काळा डाग असतो. मॅकार्डेलच्या सावलीत खोली असते. तिच्या आत बाहीची चुणी असते, खुर्चीची कड असते, आणि ती शोधावी लागत नाही. रेनॉल्ड्सला हेच हवं होतं. त्याची चित्रंही रेघेवर उभी नव्हती, ती प्रकाशाच्या मोठ्या मोठ्या पट्ट्यांवर उभी होती. नंतरच्या काळात एडवर्ड फिशर या दुसऱ्या आयरिश छापचित्रकाराविषयी रेनॉल्ड्सने तक्रार केली होती, की तो अविचाराने काटेकोर आहे, झाडाच्या पानापानावर चेहऱ्याइतकेच कष्ट घेतो. या तक्रारीवरून त्याला छापचित्रकाराकडून काय हवं होतं ते कळतं. जसंच्या तसं उतरवणारा नको होता. काय सोडायचं हे समजणारा हवा होता.

रंगीत चित्र काळ्या-पांढऱ्यात नेताना प्रत्येक ठिकाणी निवड करावी लागते. चित्रात लाल झगा आणि हिरवा पडदा शेजारी असतील तर रंगामुळे ते वेगळे दिसतात. पण दोन्ही सारखेच गडद असतील तर छापात ते एकमेकांत मिसळून जातील. मग झगा उजळायचा की पडदा काळोखात ढकलायचा? हे चित्रकाराने ठरवलेलं नसतं. ते छापचित्रकार ठरवतो. त्यात पत्र्यावर सगळं आरशातल्यासारखं उलटं कोरायचं, म्हणजे छापल्यावर सुलटं येईल. अशा शेकडो निर्णयांतून तयार झालेल्या वस्तूला ‘केवळ नक्कल’ म्हणणं मला पटत नाही.

दोघांचा व्यवहार

रेनॉल्ड्सच्या आधी लंडनचा आघाडीचा व्यक्तिचित्रकार थॉमस हडसन होता. रेनॉल्ड्स त्याच्याच हाताखाली शिकलेला. मॅकार्डेलने हडसनच्या बऱ्याच चित्रांच्या प्लेट केल्या होत्या. म्हणजे रेनॉल्ड्स मॅकार्डेलकडे गेला तेव्हा तो आपल्या गुरूचाच छापचित्रकार निवडत होता. निवड अचूक होती. मॅकार्डेलने त्याआधी, १७४९ साली, अनाथ मुलांसाठी आश्रम उभारणाऱ्या कॅप्टन कोरमचं चित्रकार विल्यम होगार्थने काढलेलं चित्र मेझोटिंटमध्ये आणलं होतं. १७५४ सालीच बेंजामिन विल्सनच्या चित्रावरून नट डेव्हिड गॅरिकचा हॅम्लेट केला. भुताला पाहून दचकलेला गॅरिक. नाटकाचा प्रयोग संपला की तो क्षण हवेत विरून जातो. पण गॅरिक कसा दचकायचा हे आज आपल्याला ठाऊक आहे, त्यात या ठशाचा मोठा वाटा आहे. पुढे त्याने गॅरिकचा लिअरही केला. व्हॅन डाइक, रुबेन्स, मुरियो यांच्या चित्रांवरूनही प्लेट केल्या. एकूण प्लेट सुमारे २००.

दोघांतला व्यवहार साधारण असा चाले. रेनॉल्ड्स चित्र वापरायला देई. मॅकार्डेल किंवा एखादा दुकानदार पत्र्याचा, कागदाचा, मजुरीचा खर्च करी आणि ठसे विके. रेनॉल्ड्सला ठशांच्या विक्रीतून पैसा मिळवायचा नव्हता. त्याचा पैसा बैठकीतून येत होता. १७५८ साली त्याच्यासमोर सुमारे १५० माणसं चित्रासाठी बसली. १७६४पर्यंत पूर्णाकृती चित्राचा त्याचा दर १५० गिनींवर गेला होता. दुकानाच्या खिडकीत टांगलेला प्रत्येक ठसा त्याची जाहिरात होती. अमुक सरदाराचं, तमुक नौदल अधिकाऱ्याचं चित्र रेनॉल्ड्सने काढलं, ही गोष्ट त्याच्या चित्रशाळेत कधीही पाऊल न टाकणाऱ्या माणसालाही काही शिलिंगांत कळत होती. लॉर्ड अॅन्सन, अॅडमिरल बॉस्कॅवेन, लेखक हॉरेस वॉलपोल, सगळे मॅकार्डेलच्या खरवडणीखालून गेले.

या जाहिरातीची पोच किती होती याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. बॉस्टनमध्ये जॉन सिंगलटन कॉप्ली नावाचा तरुण चित्रकार होता. त्याने तोवर इंग्लंड पाहिलेलं नव्हतं, रेनॉल्ड्सचं एकही अस्सल चित्र पाहण्याची सोय नव्हती. १७६३च्या सुमारास त्याने मिसेस बॉवर्स यांचं व्यक्तिचित्र काढलं. ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यातली बसण्याची ढब, झगा, मांडीवरचा कुत्रासुद्धा लेडी कॅरोलाइन रसेलच्या चित्रातला आहे. कॉप्लीसमोर रेनॉल्ड्सच्या त्या चित्राचा मॅकार्डेलने केलेला ठसा होता. चेहरा तेवढा बॉस्टनच्या बाईंचा. रंग कॉप्लीला स्वतःच ठरवावे लागले, कारण ठशात रंग नसतात. अटलांटिकपलीकडे रेनॉल्ड्स म्हणून जे पोहोचलं ते मॅकार्डेलच्या हातचं होतं. छापाच्या खालच्या पट्टीत डावीकडे चित्रकाराचं आणि उजवीकडे छापचित्रकाराचं नाव असे. पण शिकणाऱ्याची नजर डाव्या नावावर खिळलेली असते.

इथपर्यंत दोघांचं हित एकच होतं. ठसा उत्तम निघावा आणि खूप लोकांनी पाहावा. फाटा फुटतो तो ठसा बाजारात आल्यानंतर.

चोरटा ठसा आणि चोरटं नाव

ब्रुक्सच्या दुकानात मॅकार्डेलबरोबर शिकलेला रिचर्ड पर्सेल काही वर्षं डब्लिनमध्ये काम करून मग लंडनला आला. हात चांगला, पण कायम कर्जात बुडालेला. फ्लीट स्ट्रीटवर रॉबर्ट सेयर हा छापचित्रांचा मोठा व्यापारी होता. पर्सेल त्याच्यासाठी काम करू लागला. काम असं : मॅकार्डेलची आणि इतर नामांकितांची गाजलेली छापचित्रं समोर ठेवून त्यांच्या नव्या प्लेट करायच्या. खाली नाव घालायचं ‘चार्ल्स कॉर्बट’. असा माणूस नव्हताच. तो पर्सेलच होता.

या व्यवहाराचं गणित सोपं आहे. मॅकार्डेलला रेनॉल्ड्सकडून चित्र मिळवावं लागे. रंगांतून छटांत जाण्याचा सगळा विचार त्याला करावा लागे. बाजारात काय खपेल याचा जुगार त्याने खेळलेला असे. पर्सेलला यातलं काहीच करायचं नव्हतं. कोणतं चित्र खपतं हे आधीच कळलेलं, प्रत्येक छटा ठरवून समोर ठेवलेली. फक्त तांबं डोलवायचं आणि खरवडायचं. त्यामुळे नक्कल स्वस्तात विकता येत होती.

मेझोटिंटची एक अंगभूत अडचण इथे आणखी बोचते. ती उचललेली कोर नाजूक असते. दाबयंत्रातून कागद जाताना दर वेळी थोडी दबते. सुरुवातीचे शंभरएक ठसे दाट आणि मखमली येतात, मग काळा रंग करडा व्हायला लागतो. प्लेट दुरुस्त करता येते, पण पहिली खोली परत येत नाही. म्हणजे छापचित्रकाराला कमाईचा काळ आधीच थोडा, आणि नेमक्या त्याच काळात शेजारच्या रस्त्यावर स्वस्त नक्कल टांगलेली.

रेनॉल्ड्सला या नकलांनी काय फरक पडला? जवळजवळ काहीच नाही. उलट त्याचं नाव आणखी स्वस्त दरात आणखी घरांत गेलं. कॉर्बटच्या पत्र्यावरही चित्रकार म्हणून रेनॉल्ड्सच होता. गाळलं गेलं ते मधलं नाव, मॅकार्डेलचं. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मला हा वाटतो. एकाच कामातून दोघांना मोठं व्हायचं होतं, पण त्या कामाची चोरी झाली की नुकसान फक्त एकाचं होत होतं. म्हणून ज्याचा शब्द दरबारात चालला असता त्याला तक्रार करण्याची गरजच भासत नव्हती.

कायदा काय म्हणत होता

छापचित्रांना संरक्षण देणारा कायदा तेव्हा नव्हता असं नाही. विल्यम होगार्थ आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या खटपटीने १७३५ साली संसदेने तो केला होता. होगार्थने त्यासाठी आपली एक नवी चित्रमालिका कायदा लागू होईपर्यंत रोखूनही धरली होती. चौदा वर्षांचा हक्क, चोरट्या प्लेट आणि कागद जप्त, प्रत्येक चोरट्या ठशाला पाच शिलिंग दंड. त्यातला अर्धा दंड फिर्यादीला. त्या काळाच्या मानाने कायदा कडक होता.

पण तो होगार्थच्या मापाने शिवलेला होता. होगार्थ चित्र स्वतः कल्पून, स्वतः कोरून विकायचा. त्यामुळे कायद्याने संरक्षण दिलं ते स्वतःच्या कल्पनेतून आणि स्वतःच्या रचनेतून केलेल्या छापचित्राला. दुसऱ्याच्या चित्रावरून केलेलं छापचित्र त्यात येत नव्हतं. मॅकार्डेलचं जवळजवळ सगळं काम या दुसऱ्या प्रकारचं. ‘संसदेच्या कायद्यानुसार प्रसिद्ध’ अशी ओळ अशा छापचित्रांखालीही सर्रास घातली जाई, पण तिच्यामागे खरं बळ नव्हतं.

याच काळात थॉमस फ्राय हा दुसरा आयरिश माणूस लंडनमध्ये मेझोटिंट करत होता. तो ब्रुक्सच्या शाळेतला नव्हे. बो इथल्या चिनीमातीच्या कारखान्याचा तो संस्थापक-व्यवस्थापक होता. भट्ट्यांच्या कामाने तब्येत ढासळल्यावर त्याने १७६०पासून जवळजवळ खऱ्या मापाचे चेहरे मेझोटिंटमध्ये केले. हे चेहरे त्याने स्वतः रेखाटलेले होते. मेणबत्तीच्या उजेडात उजळलेले, मोठे डोळे असलेले ते चेहरे आजही अंगावर येतात. मला ते फार आवडतात. पण कायद्याच्या दृष्टीने फरक पाहा. तंत्र एकच, हत्यार एकच, शहर एकच, देश एकच. फ्रायच्या पत्र्याला संरक्षण होतं, मॅकार्डेलच्या पत्र्याला नव्हतं. कारण फ्रायने आधी कागदावर रेखाटन केलं होतं आणि मॅकार्डेलने ते रेनॉल्ड्सच्या कॅनव्हासवर पाहिलं होतं. कष्ट, कौशल्य, निर्णय यांपैकी कशालाच त्या व्याख्येत जागा नव्हती.

कायद्यातली ही फट पुढच्या कायद्याने बुजवली. तो १ जानेवारी १७६७पासून लागू झाला. कोणत्याही चित्रावरून, रेखाटनावरून किंवा शिल्पावरून केलेल्या छापचित्राला आता संरक्षण मिळालं, आणि मुदत चौदा वर्षांवरून अठ्ठावीस वर्षं झाली. होगार्थच्या विधवेला, जेन होगार्थला, पतीच्या छापचित्रांवर वीस वर्षांचा खास हक्कही याच कायद्याने दिला. होगार्थ १७६४च्या ऑक्टोबरमध्ये गेला होता. हा कायदा लागू झाला त्या दिवशी मॅकार्डेलला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

असाही एक युक्तिवाद होऊ शकतो की हक्क नसतानाही मॅकार्डेल यशस्वी झालाच की. खरं आहे. त्याच्याकडे कायद्याव्यतिरिक्त काही होतं. चित्रकाराच्या घरी थेट प्रवेश होता, त्यामुळे नवीन चित्राचा पहिला ठसा त्याचाच असे. आणि दर्जा होता. जाणकार गिऱ्हाईक कॉर्बटचा करडा ठसा घेत नसे. पण हे संरक्षण फक्त सर्वोत्तम माणसाला मिळतं, तेही हात चालतो तोवर. त्याच्या मागे राहिलेल्या प्लेट कशा वापराव्यात यावर ते काहीच सांगू शकत नाही. मॅकार्डेलच्या काही प्लेट पुढे सेयरच्या दुकानातून पुन्हा छापल्या गेल्या. ज्या दुकानाने त्याच्या कामाच्या नकला विकल्या, त्याच दुकानाच्या पत्त्यासकट.

अकादमीचं दार

१७६८ साली लंडनमध्ये रॉयल अकादमी स्थापन झाली. पहिला अध्यक्ष जोशुआ रेनॉल्ड्स. सभासदत्व चित्रकार, शिल्पकार आणि वास्तुकारांना होतं. छापचित्रकारांना नव्हतं. फ्रान्चेस्को बार्तोलोझी हा नामांकित इटालियन छापचित्रकार संस्थापक सभासदांत होता, पण तो चित्रकार म्हणून घेतलेला. यावर ओरड झाली. रॉबर्ट स्ट्रेंजसारखे रेघेचं कोरीवकाम करणारे मोठे लोक संतापले. १७६९ साली सहा जणांपुरता ‘सहयोगी छापचित्रकार’ हा दुय्यम दर्जा निर्माण केला गेला. पूर्ण सभासद होणारा पहिला छापचित्रकार सॅम्युएल कझिन्स. साल १८५५. तोही मेझोटिंटचाच माणूस.

रेनॉल्ड्सने एकट्याने ही व्यवस्था लादली असं मी म्हणत नाही. कल्पना वरची आणि हात खालचा ही समजूत त्या सगळ्या संस्थेच्या पायात होती. पण ज्या माणसाची कीर्ती छापचित्रांनी उभी केली, त्याच्या अध्यक्षतेखाली हे झालं, आणि मॅकार्डेल हयात असता तरी त्याला त्या दारातून आत घेतलं नसतं, हे नोंदवायलाच हवं.

काळाने मात्र एक वेगळाच हिशेब केला. रेनॉल्ड्स रंगांबाबत बेफिकीर प्रयोग करायचा. चेहऱ्याच्या कांतीसाठी तो लाखेपासून आणि कोशिनील किड्यांपासून मिळणारे किरमिजी रंग वापरी. ते दिसायला अप्रतिम, पण उजेडात उडणारे. काही चित्रांतले गाल तर ती माणसं जिवंत असतानाच फिके पडले. हॉरेस वॉलपोलने सुचवलं होतं, की रेनॉल्ड्सला चित्र टिकेल तोवर दर वर्षी हप्त्याने पैसे द्यावेत. अशा चित्रांपैकी काहींचा मूळ तोल, म्हणजे उजेड कुठे जास्त होता, नाकाच्या बाजूची सावली किती खोल होती, हे ताडून पाहायला आज मॅकार्डेलचा ठसा उपयोगी पडतो. ठशाने रंग परत येत नाही. पण चित्र नवं असताना एका तीक्ष्ण डोळ्याने त्याच्या छटा कशा मोजल्या होत्या, त्याची ती नोंद आहे. ‘या माणसामुळे मी अमर होणार’ हे वाक्य रेनॉल्ड्स खरंच बोलला असेल, तर तो त्याला वाटलं त्याहून जास्त खरं बोलला.

त्याच्यानंतर

मॅकार्डेलला हॅम्पस्टेडच्या चर्चच्या आवारात पुरलं. रेनॉल्ड्सची चित्रं नंतर फिशर, जॉन डिक्सन, जेम्स वॉटसन यांच्याकडे गेली. तिघेही आयरिश. वॉटसनची मुलगी कॅरोलाइन वडिलांकडे शिकली आणि १७८५ साली राणी शार्लटची छापचित्रकार म्हणून नेमली गेली. अठराव्या शतकात स्वतःच्या नावाने हा व्यवसाय करणाऱ्या स्त्रिया फार थोड्या, त्यात ती अग्रगण्य.

मॅकार्डेलचं काम नीट मोजून मांडलं तेही एका डब्लिनकरानेच. जॉन चॅलोनर स्मिथ हा रेल्वेचा अभियंता होता. डब्लिनमधला लिफीवरचा लूप लाइनचा लोखंडी पूल त्याच्या कारकिर्दीतला. फावल्या वेळात त्याने ब्रिटिश मेझोटिंट व्यक्तिचित्रांची भली मोठी सूची केली. ती १८७८ ते १८८३ दरम्यान प्रसिद्ध झाली. प्रत्येक प्लेटच्या अवस्था त्याने नोंदवल्या : अक्षरं कोरण्याआधीचा ठसा, पहिल्या पत्त्यासह, बदललेल्या पत्त्यासह. पूल बांधणाऱ्या माणसाची ही शिस्त या व्यवसायाला फार उपयोगी पडली. अस्सल कोणता आणि नक्कल कोणती हे त्यामुळे सांगता येऊ लागलं. त्याच्या संग्रहातली बरीच छापचित्रं एडवर्ड गिनेस यांच्या देणगीतून डब्लिनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आयर्लंडमध्ये आली.

आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या आणि नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संकेतस्थळांवर मॅकार्डेलचे अनेक ठसे मोठे करून पाहता येतात. पाहायचे झाले तर आधी खालची पट्टी वाचावी. मॅकार्डेलचं नाव आणि हेन्रिएटा स्ट्रीटचा पत्ता असेल तर तो त्याच्या दुकानातून निघालेला. सेयरचा पत्ता असेल आणि काळा रंग करडा दिसत असेल तर बहुधा झिजलेल्या प्लेटचा उशिराचा ठसा. तेच चित्र ‘कॉर्बट’च्या नावाने असेल तर दोन्ही शेजारी उघडावेत आणि चेहरा सोडून बाहीच्या आतली सावली पाहावी. आकृती उलटीकडे तोंड करून बसलेली असेल तर कोणाची प्लेट कोणाच्या ठशावरून केली हे लगेच लक्षात येतं, कारण घाईतला नक्कल करणारा आरसा धरण्याचा त्रास घेत नसे.